प्रति: 'पास'चं स्टोअर गिटवर ठेवणं
'पास' या पासवर्ड जपणाऱ्या प्रोग्राममध्ये सगळं जीपीजीनं (एन्क्रिप्शनचं साधन) कुलूपबंद असतं, तेव्हा त्याचं स्टोअर, म्हणजे पासवर्डच्या फाइलींचं फोल्डर, गिटवर (फाइलींचे जुने-नवे बदल जपणारी प्रणाली) बिनधास्त ठेवा, असं वरच्या पोस्टमध्ये म्हटलंय. पासवर्डपुरतं ते बरोबर आहे. पण फाइलींची आणि फोल्डरची नावं उघडीच राहतात. रेपो (गिटवरचा हा साठा) ज्याच्या हाती लागेल त्याला तुमची खाती कुठेकुठे आहेत ते नुसत्या यादीवरून कळतं.

आमची टीम सामायिक स्टोअर वापरते. कुणी नोकरी सोडली की त्याची की (जीपीजीची किल्ली) वगळून 'पास इनिट' ही कमांड पुन्हा चालवतो, म्हणजे सगळ्या फाइली नव्यानं एन्क्रिप्ट होतात. पण कृपा करून तेवढ्यावर थांबू नका. गिटच्या इतिहासात जुन्या फाइली तशाच असतात. सोडून गेलेल्याकडे क्लोन (रेपोची पूर्ण प्रत) असेल तर त्याच्या कीनं त्या आजही उघडतात. पासवर्डच बदलावे लागतात, एकूण एक.