तांब्याच्या दांड्याला पीळ देताना सिम्युलेशनमधील शिअर स्ट्रेस खाली का येतो?

प्रश्न

अनीलिंग केलेल्या तांब्याच्या दांड्याला पीळ देण्याच्या चाचणीचे सिम्युलेशन मी करीत आहे. मोजणीच्या भागाचा व्यास 12 मिमी आणि लांबी 30 मिमी असून एक टोक पक्के धरले आहे, दुसरे फिरवले आहे आणि लांबी बदलू दिलेली नाही. यील्डसाठी, म्हणजे कायमची विकृती सुरू होण्यासाठी, फॉन मिझेसचा निकष व रेषीय कायनेमॅटिक हार्डनिंग (यील्डची मर्यादा विकृतीच्या प्रमाणात सरकत जाते) घेतले आहे. मटेरियलचे समीकरण मी स्वतःच्या सबरूटीनमध्ये लिहिले असून त्यात यौमान रेट (फिरत्या पदार्थातील स्ट्रेसचा बदल मोजण्याची एक पद्धत) वापरला आहे. बाहेरच्या थरातील शिअर स्ट्रेस (थर एकमेकांवर सरकवणारा ताण) सुमारे सव्वा फेऱ्यापर्यंत वाढतो आणि मग उतरू लागतो. अडीच फेऱ्यांना तो सुरुवातीच्या यील्डच्या पातळीवर येऊन ठेपतो. मेश बारीक केली, इन्क्रिमेंट लहान केले, तरी आलेख जागचा हलला नाही. एवढ्या विकृतीनंतर तांबे मऊ पडते, असा याचा अर्थ घ्यावा काय?

उत्तर 1

तसा अर्थ घेऊ नये. बाहेरच्या थरातील शिअर स्ट्रेन म्हणजे त्रिज्या गुणिले पिळाचा कोन भागिले लांबी. आपल्या मापांनुसार सव्वा फेऱ्याला तो 1.57 भरतो, म्हणजे रेडियनमध्ये नेमका काटकोन, आणि अडीच फेऱ्यांना दोन काटकोन. स्ट्रेसमध्ये जी वाढ-घट दिसते ती या कोनाची साइन आहे. तांब्याचा तिच्याशी काही संबंध नाही. मेश बदलूनही आलेख हलत नाही, यावरूनच दोष समीकरणात आहे हे कळते.

यौमान रेटमध्ये स्ट्रेसची चौकट पदार्थाच्या स्पिनबरोबर, म्हणजे त्याच्या फिरण्याच्या सरासरी दराने, फिरते. साध्या शिअरमध्ये हा स्पिन शिअरच्या दराच्या निम्मा असतो आणि तो कधीच थांबत नाही, त्यामुळे चौकट गरागरा फिरत राहते. पदार्थातील कोणतीही रेषा मात्र शिअरच्या दिशेकडे कलत जाते आणि तिथेच स्थिरावते. हार्डनिंगमुळे साचलेला बॅकस्ट्रेस (यील्डच्या मर्यादेचे केंद्र जेवढे सरकले तेवढा स्ट्रेस) या फिरत्या चौकटीबरोबर ओढला जातो आणि त्याचे चिन्हसुद्धा उलटते. नागतेगाल आणि डी याँग यांनी 1980च्या दशकाच्या सुरुवातीलाच हे दाखवून दिले होते. आयसोट्रॉपिक हार्डनिंगमध्ये (यील्डची मर्यादा न सरकता फक्त मोठी होते) हा दोष झाकलेला राहतो, कारण धातूतील स्थितिस्थापक स्ट्रेन अत्यल्प असतो आणि स्ट्रेस यील्ड पृष्ठभागाला, म्हणजे याच मर्यादेला, जखडलेला असतो. म्हणूनच अनेकांना तो वर्षानुवर्षे जाणवत नाही.

प्रश्नकर्ता

आभारी आहे. मग यौमानऐवजी ग्रीन-नागडी रेट घेतला की प्रश्न मिटेल काय?

उत्तर 2

आलेखातले हेलकावे जातील, पण तेवढ्याने उत्तर बरोबर ठरत नाही. ग्रीन-नागडी रेट पोलर विघटनातून (विरूपणातील ताणणे आणि फिरणे वेगळे करून) मिळणारे फिरणे घेतो आणि साध्या शिअरमध्ये ते काटकोनापलीकडे जात नाही. मात्र तेच स्थिरांक दोन्ही रेटमध्ये घातले, तर मोठ्या विकृतीत उत्तरे वेगवेगळी येतात. अबॅकस या सिम्युलेशन सॉफ्टवेअरमध्ये यूमॅट आणि व्हीयूमॅट या मटेरियलच्या सबरूटीनांमध्ये हाच फरक आहे: पहिल्यामागे यौमान, दुसऱ्यामागे ग्रीन-नागडी. एकाचा कोड दुसऱ्यात जसाच्या तसा उतरवणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावे.

माझा कल ली यांनी 1969 साली मांडलेल्या गुणाकाराच्या विघटनाकडे आहे. त्यात एकूण विरूपण हे आधी प्लॅस्टिक आणि त्यावर स्थितिस्थापक, अशा दोन भागांचा गुणाकार मानतात आणि स्ट्रेस थेट साठलेल्या ऊर्जेवरून काढतात, त्यामुळे स्ट्रेससाठी रेट निवडण्याची कटकटच उरत नाही. बॅकस्ट्रेस कोणत्या चौकटीत वाढतो, हा प्रश्न मात्र तिथेही सुटत नाही. प्लॅस्टिक स्पिनबाबत (विरूपणाच्या प्लॅस्टिक भागातील फिरणे) काहीतरी गृहीत धरावेच लागते.

उत्तर 3

रेटइतकीच शंका मला रेषीय हार्डनिंगची वाटते. त्याचा उतार बहुधा ताण-चाचणीतून काढला असेल. त्या चाचणीत खऱ्या स्ट्रेसच्या आलेखाचा उतार स्ट्रेसएवढा झाला की नमुन्याला मान पडते, म्हणजे तो एकाच जागी बारीक होऊ लागतो, आणि त्यापुढची साधी आकडेमोड ग्राह्य राहत नाही. तेवढ्या माहितीची सरळ रेषा 1.5 स्ट्रेनपर्यंत ओढणे धाडसाचे आहे. आर्मस्ट्राँग-फ्रेडरिक नियम घ्यावा. त्यात बॅकस्ट्रेस एका मर्यादेला पोहोचून थांबतो आणि यौमान रेट ठेवला तरी हेलकावे विरतात. बॅकस्ट्रेसचा वाटा किती, हे एकाच दिशेच्या पिळातून कळणार नाही; थोडा पीळ देऊन उलट फिरवावे आणि यील्ड किती लवकर येतो ते पाहावे.

टोके बांधलेली असल्याने अक्षीय बलही नोंदवावे. मोकळ्या टोकाचा दांडा प्लॅस्टिक पिळात लांबतो, हे स्विफ्ट यांनी 1947 मध्ये प्रयोगाने दाखवले होते. लांबी रोखली की त्याच प्रवृत्तीपोटी दाब येतो. टॉर्कचा आलेख कोणत्याही मॉडेलमध्ये जुळवून घेता येतो, अक्षीय बल तसे जुळवता येत नाही, आणि रेटच्या निवडीतला फरक तिथे लगेच उघडा पडतो. हे सर्व आधी एका एलिमेंटवर, साध्या शिअरमध्ये तपासून घ्यावे आणि मगच पूर्ण दांडा चालवावा.