'मिनिमली इन्व्हेजिव्ह'ला मराठीत काय म्हणाल?

शाईचा_डाग
एका रुग्णालयातल्या संशोधनासाठी रुग्णांना द्यायचं माहितीपत्रक मराठीत करते आहे. विषय पित्ताशयाची शस्त्रक्रिया. पद्धती दोन, कुणाला कुठली हे चिठ्ठ्या टाकल्यासारखं ठरणार, मग कोण किती दिवसांत घरी गेलं आणि कामाला कधी लागलं याची नोंद. माझ्याआधी कुणीतरी 'मिनिमली इन्व्हेजिव्ह सर्जरी'चं (पोट मोठं न चिरता लहान भोकांतून करतात ती) 'किमान आक्रमक शस्त्रक्रिया' करून ठेवलंय. नियम असा की मराठी मजकूर तिऱ्हाइताने परत इंग्रजीत न्यायचा. त्याने नेला तो 'सगळ्यात कमी भांडखोर' अशा अर्थाने. पत्रक मंजूर करणाऱ्या समितीतल्या बाईंनी विचारलं, "मग दुसरी भांडते का?"

यंत्राच्या कच्च्या अनुवादात 'पोर्ट'चं (म्हणजे हत्यारं आत घालायच्या भोकाचं) 'बंदर' झालं होतं. 'आपल्या पोटावर चार बंदरे तयार केली जातील.' ते काढलं. पण आक्रमकाचं काय करू? शुक्रवारी द्यायचंय.

गोदाकाठ
दुर्बिणीतून शस्त्रक्रिया. विषय संपला. आमच्याकडे निफाडला रिक्षावालासुद्धा हेच म्हणतो.

शाईचा_डाग
तेच आधी लिहिलं होतं. पण त्याच पानावर घशातून नळी घालून करायची तपासणी आहे, तीही दुर्बीण. मुतखड्याची दुर्बीण, गुडघ्याची दुर्बीण, गर्भपिशवीची दुर्बीण. एक आजोबा म्हणाले, "दुर्बीण झाली की माझी मागच्या महिन्यात, आता परत कशाला?" त्यांची नुसती तपासणी झाली होती.

निरुक्तवेडा
'आक्रमक'ला उगाच झोडपू नका. लॅटिन 'इनव्हादेरे' म्हणजे आत चालून जाणे. संस्कृत 'क्रम्' म्हणजे पाऊल टाकणे, आक्रमण म्हणजे चाल करून जाणे. इतका जुळणारा शब्द क्वचित सापडतो. लोकांना तो फक्त क्रिकेटच्या बातम्यांतून माहीत आहे, हा शब्दाचा दोष नव्हे.

टवाळ_बोका
सलामीचे सर्जन आक्रमक खेळले, मधल्या फळीने सावध पवित्रा घेतला.

पाणकोंबडी
मला 'इन्व्हेजिव्ह' म्हटलं की बाहेरून येऊन फोफावणारं गाजरगवत आणि घाणेरीच आठवते. त्या हिशेबाने किमान आक्रमक म्हणजे बांधापुरतं वाढलेलं.

कात्री_चिमटा
सर्जन आहे, सोलापूरकडे, बावीस वर्षं हेच काम. चूक 'आक्रमक'मध्ये नाही, 'किमान'मध्ये आहे. पित्ताची पिशवी पोट उघडून काढा नाहीतर दुर्बिणीतून, आत तीच रक्तवाहिनी बांधायची, तीच नळी कापायची, यकृतापासून तीच पिशवी सोडवायची. लहान असतं ते कातडीवरचं. ब्रिटनमध्ये हा वाद जुना आहे. जॉन विकहॅम या मूत्रशल्यतज्ज्ञाने १९८०च्या दशकात 'मिनिमली इन्व्हेजिव्ह' रुजवलं, तर डंडीचे सर्जन कुशिएरी 'मिनिमल अ‍ॅक्सेस'च्या बाजूचे. घाव तोच, वाट लहान. म्हणून मी 'लहान वाटेची शस्त्रक्रिया' म्हणेन.

उलट पित्तनलिकेला इजा होण्याचं प्रमाण दुर्बिणीत सुरुवातीला वाढलंच होतं. 'किमान' वाचून घरचे म्हणतात, "डॉक्टर, एवढंसं तर आहे, संध्याकाळी नेऊ ना?"

टवाळ_बोका
लहान वाट म्हणजे आडवाट. आमच्या काकांना आधीच भीती की डॉक्टर रस्ता चुकेल.

निरुक्तवेडा
'वाट' बोली झाली. सुश्रुताने शस्त्रकर्म आठ प्रकारचं सांगितलं आहे: छेद्य, भेद्य, लेख्य, वेध्य, एष्य, आहार्य, विस्राव्य, सीव्य. छेद्य म्हणजे कापून वेगळं काढणे, भेद्य म्हणजे चीर देणे, वेध्य म्हणजे टोचून भोक पाडणे. तेव्हा पत्रकांत सर्रास छापतात ते 'लहान छेद' साफ चूक. जलोदरात बेंबीच्या खाली डावीकडे व्रीहिमुख शस्त्राने टोचून, नळी घालून पाणी काढायला सुश्रुत सांगतो. पोटात भोक पाडून नळी बसवायचं आजचं हत्यार, ट्रोकार, आणखी काय करतं? 'वेधशस्त्रक्रिया' म्हणा.

गोदाकाठ
वेध म्हटलं की आमची आई विचारेल, ग्रहण कधी सुटतंय.

कात्री_चिमटा
तसंही आदल्या रात्रीपासून उपाशीच ठेवतो. शब्द बसतोय की!

पाणकोंबडी
आणि ट्रोकार 'टोकरणे'वरून आला असणार. माझी आजी पेरू टोकरून बघायची.

निरुक्तवेडा
नाही हो. फ्रेंचमधून आला, 'त्र्वा' म्हणजे तीन आणि 'कार' म्हणजे कड. टोकाला तीन धारा असायच्या म्हणून.

पाणकोंबडी
तुमचे फ्रेंच आमच्याकडे पेरू खायला आले असतील.

सिस्टर_निवृत्त
तुमचं वाचून हसू आलं. मी एएनएम, म्हणजे गावोगाव फिरणारी परिचारिका होते, पस्तीस वर्षं प्राथमिक आरोग्य केंद्रात. 'दुर्बीण' हा शब्द पित्ताशयवाल्यांनी आणलेला नाही. कुटुंबनियोजनाच्या शिबिरांतून तो आधीच घराघरांत गेला होता. आम्ही 'लॅप्रो कॅम्प' म्हणायचो, बाया म्हणायच्या 'बिनटाक्याचं'. "माझं टाक्याचं झालं, जावेचं बिनटाक्याचं." खरं तर त्यातही एखादा टाका असायचाच. पण एक टाका म्हणजे टाका नाही, असा हिशेब.

त्यातून एक घोळ मात्र झाला. पुढे कुणा बाईला दुर्बिणीतून पित्ताशय काढायचं म्हटलं की सासू आधी विचारायची, "मूल बंद होईल का?" डाग, हे पत्रकात लिहा. शहरातल्या समितीला सुचायचं नाही.

मध्यक
सिस्टरांचं बरोबर आहे. मुंबईत सर्जन तेहेमटन उडवाडिया जे. जे. रुग्णालयात १९७२ पासून दुर्बिणीने पोट तपासत होते. दुर्बिणीतून पित्ताशय मात्र इथे १९९० साली निघालं, तेही त्यांच्याच हातून. तिकडे जर्मनीत एरिख म्यूहेने १९८५ साली काढलं होतं. त्याआधी, १९८० साली, कील गावच्या कुर्ट झेमने दुर्बिणीतून अपेंडिक्स काढलं. तो स्त्रीरोगतज्ज्ञ, त्यामुळे सर्जन मंडळी खवळली. म्हणजे आपल्याकडे शब्दाने शस्त्रक्रियेच्या आधी जागा धरली होती.

मला सांगायचंय ते वेगळंच. नाव हेसुद्धा औषधच असतं. शेफील्डमध्ये २०० रुग्णांवर एक अभ्यास झाला, १९९६ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात आला. अर्ध्यांचं पित्ताशय दुर्बिणीतून काढलं, अर्ध्यांचं पोटाला लहान चीर देऊन. गंमत म्हणजे सगळ्यांच्या पोटावर एकसारखीच पट्टी. वॉर्डातल्या कुणालाच कळेना कुणाचं काय झालंय. निघालं काय? दोन्हीकडे मुक्कामाचा मध्यक, म्हणजे ओळीतला मधला आकडा, ३ रात्री. दुर्बिणीला वेळ मात्र जास्त, ६५ मिनिटं विरुद्ध ४०. त्या पट्टीने जखम झाकलीच, शिवाय शब्दही झाकला. आता डागताईंच्या अभ्यासात मोजणार काय? घरी कधी गेले, कामाला कधी लागले. आणि पत्रकात एका गटाला आधीच सांगणार, 'तुमची किमान'. मग तो माणूस उठून बसणारच की लवकर!

कात्री_चिमटा
मान्य, पण अर्धंच. त्या अभ्यासातली चीर खरोखर लहान होती, सगळ्यांना ती जमत नाही. माझ्याकडचा शेतमजूर दुर्बिणीनंतर आठवड्यात हिंडतो, मोठी चीर दिलेल्याला महिनाभर ओझं उचलू देत नाही. हे नुसत्या नावाने होत नाही.

मध्यक
नावाने सगळं होतं असं म्हणालोच नाही. पण २०१८चा गर्भाशयमुखाच्या कर्करोगाचा अभ्यास घ्या, ६३१ स्त्रिया. साडेचार वर्षांनी रोगमुक्त किती? पोट उघडलेल्यांत ९६.५ टक्के, 'मिनिमली इन्व्हेजिव्ह'मध्ये ८६. तिथे 'किमान' कुणासाठी होतं? २००४ साली मोठ्या आतड्याच्या कर्करोगात मात्र ८७२ रुग्णांत दोन्ही पद्धती तुल्यबळ निघाल्या. म्हणून म्हणतो, संमतिपत्रकातलं नाव स्वतःची तारीफ करणारं नको.

शाईचा_डाग
हे समितीला दाखवते. आता पुढचं ऐका. 'पोटात गॅस भरला जाईल.' वाचून एक काकू म्हणाल्या, "तो तर आधीच धरलाय, म्हणून तर आले."

निरुक्तवेडा
वायुपूरण.

टवाळ_बोका
सिलिंडरची पावती मिळेल का?

कात्री_चिमटा
'कार्बन डायऑक्साइड वायू भरून पोट फुगवतात, शेवटी तो काढून घेतात' एवढं सरळ लिहा. आणि खांद्याचं विसरू नका. एक आजोबा दुसऱ्या दिवशी भडकले, "आपरेशन पोटाचं आन् खांदा कशापायी दुखतोय? काय टांगून ठिवलं होतं का?" उरलेला वायू पोटाच्या वरच्या पडद्याला चुरचुरतो. त्या पडद्याची नस मानेतून निघते, खांद्याच्या कातडीची जिथून निघते तिथूनच, म्हणून मेंदूची फसगत होते. आधी सांगितलं की माणूस घाबरत नाही.

निरुक्तवेडा
दुर्बीण फारसी आहे. दूर आणि बीन, लांबचं पाहणारी. पोटाच्या आत हातभर अंतरावरचं बघणाऱ्या यंत्राला हा शब्द देणं मुळात हास्यास्पद. लॅपरोस्कोपी म्हणजे पोटात दुर्बीण घालून पाहणं. त्या शब्दाच्या मुळाशी ग्रीक 'लापारा', म्हणजे बरगडी आणि कमरेच्या मधली मऊ बाजू. आपली कूस! १९१० साली स्टॉकहोमच्या डॉक्टर याकोबेउसने ते नाव रूढ केलं. त्याआधी १९०१ मध्ये जर्मन डॉक्टर केलिंगने कुत्र्याच्या पोटात पाहून 'कोएलिओस्कोपी' म्हटलं होतं, आणि फ्रेंच अजून तेच धरून आहेत. तर कुक्षिदर्शन. कुक्षिशस्त्रक्रिया.

सिस्टर_निवृत्त
कूस म्हटलं की कूस उजवणं. भाऊ, मी आत्ताच सांगितलं ना सासूबाईंचं? मग तर झालंच.

गोदाकाठ
फारसी नको तर मग खिसा, चष्मा, जखम हे सगळंच परत पाठवा. पोटाला जखम होणार नाही, व्रण होईल. तो बरा व्हायला वेळ लागेल, कारण वाचून कळणार नाही.

निरुक्तवेडा
चेष्टा सोपी असते. शब्द घडवायला कष्ट लागतात.

शाईचा_डाग
शुक्रवार झाला. मी दिलं ते असं: 'पोटाला लहान भोकं पाडून, दुर्बिणीतून पाहत केलेली शस्त्रक्रिया (आतलं काम दोन्ही पद्धतींत सारखंच असतं)'. 'किमान' गेलं. सिस्टरांचं वाक्यही घातलं: 'या शस्त्रक्रियेने मूल होणे बंद होत नाही.' समितीने 'भोकं' अशोभनीय म्हणून 'छिद्रे' केलं आणि कंसातलं वाक्य उडवलं, जागा पुरत नाही म्हणून. आणि अभ्यासाच्या शीर्षकात 'किमान आक्रमक' तसंच राहिलंय. शीर्षक मंजूर झालेलं असल्याने बदलता येत नाही म्हणे.

कात्री_चिमटा
कंसातलंच तर महत्त्वाचं होतं.

मध्यक
शीर्षक रुग्णाच्या हातातल्या प्रतीवर असणार का?

शाईचा_डाग
पहिल्याच ओळीत. ठळक.

निरुक्तवेडा
एक विचारू? तुम्ही 'दुर्बिण' छापलंत की 'दुर्बीण'? सुटा शब्द असेल तर बी दीर्घ हवी.

गोदाकाठ
आणि 'दुर्बिणीतून'मध्ये ऱ्हस्व. पण ज्याला शब्दच परका वाटतो, त्याने वेलांटीची काळजी का करावी?

निरुक्तवेडा
परका असला तरी घरात आल्यावर घरचे नियम.

पाणकोंबडी
टोकरणेचं कुणी पाहिलं का शब्दकोशात?