मदत हवी: ब्रिटिश वाफेच्या इंजिनांच्या जुन्या स्लाइड स्कॅनमध्ये खराब होताहेत, एका तारखेचाही घोळ आहे

खडीवाट
रविवारी छोटं प्रदर्शन आहे, तोपर्यंत हे सुटायला हवं. साधारण १४० स्लाइड आणि कृष्णधवल निगेटिव्हच्या सहा पट्ट्या आहेत. सगळी इंग्लंडमधली वाफेची इंजिनं, अगदी शेवटच्या काळातली. स्कॅन केल्यावर चाकांचे आरे आणि दांडे मध्येच पुसल्यासारखे दिसतात. निगेटिव्हमध्ये तर इंजिनाचा पुढचा भाग मेणासारखा वितळलाय. शिवाय स्लाइडना निळी झाक येते. सेटिंग तीनदा बदलली, उपयोग नाही. दुसरं म्हणजे एका स्लाइडच्या चौकटीवर 'शॅप, ऑगस्ट ६८' असं लिहिलंय (शॅप म्हणजे उत्तर इंग्लंडमधला रेल्वेचा चढ). तीच मुख्य लावायची आहे. तारीख बरोबर आहे ना, एवढंच सांगा.

चंदेरी_कण
फिल्म कुठली? स्कॅनर कुठल्या प्रकारचा? 'सेटिंग बदलली' म्हणजे नेमकं काय बदललंत? स्लाइडच्या चौकटीवर आणि निगेटिव्हच्या कडेला काय छापलंय ते वाचून लिहा, त्याशिवाय उत्तर देता येणार नाही.

भारंगी
इतका विचार कशाला? आहेत तसे स्कॅन एखाद्या एआय अपस्केलरमध्ये टाका. आरे, दांडे सगळं परत येतं. कृष्णधवल रंगीतही होतील.

चंदेरी_कण
@भारंगी, परत येत नाही, नवीन काढलं जातं. या फोटोंमध्ये इंजिनाचा क्रमांक हाच पुरावा असतो. अस्पष्ट ३ चा ८ झाला तर दुसऱ्याच इंजिनाचा फोटो होतो, आणि पाहणाऱ्याला तो फरक कधीच कळणार नाही. प्रदर्शनासाठी तर अजिबात नको.

खडीवाट
चौकटीवर कोडाक्रोम लिहिलंय. निगेटिव्हच्या कडेला इलफर्ड एफपी३. स्कॅनर फ्लॅटबेड, झाकणात दिवा असलेला. रिझोल्यूशन आणि ब्राइटनेस बदलून पाहिला. धूळ काढायचा पर्याय चालू आहे, तो असणारच ना, स्लाइडवर धूळ भरपूर आहे.

चंदेरी_कण
हेच कारण! तो पर्याय म्हणजे डिजिटल आइस. स्कॅनर एकदा इन्फ्रारेड प्रकाशात स्कॅन करतो. साध्या रंगीत फिल्ममधले रंग इन्फ्रारेडला जवळजवळ पारदर्शक असतात, त्यामुळे जे अडतं ते धूळ किंवा ओरखडा समजून आजूबाजूच्या रंगाने भरलं जातं. कृष्णधवल निगेटिव्हमध्ये मात्र चित्रच चांदीच्या कणांचं असतं आणि चांदी इन्फ्रारेड अडवते. म्हणजे स्कॅनर तुमचं इंजिनच धूळ समजून पुसतोय. कोडाक्रोममध्ये चांदी उरत नाही, पण गडद भागातला रंग इन्फ्रारेड बराच अडवतो. त्यातून शेवटच्या दिवसांत ही इंजिनं कोणी धूत नव्हतं. काजळीने माखलेलं काळं इंजिन, काळे दांडे, खाली सावली. म्हणून नेमकं तिथेच नुकसान होतं.

निगेटिव्हसाठी आइस पूर्ण बंद. कोडाक्रोमसाठीही बंद. धूळ हाताने काढायची: आधी रबरी फुग्याने हवा, मग मऊ अँटिस्टॅटिक ब्रश. चिकट डाग असेल तर ९९ टक्के आयसोप्रोपिल लिंटविरहित कापडावर थेंबभर घेऊन फक्त चकचकीत बाजूने पुसायचं. मंद दिसणारी बाजू इमल्शनची, म्हणजे चित्राच्या थराची, तिला हात नको. बुरशीचे धागे दिसले तर पाणी चुकूनही लावू नका, बुरशीने खाल्लेलं जिलेटिन पाण्याबरोबर सुटून येतं. उरलेले ठिपके स्कॅननंतर फोटो सॉफ्टवेअरमधल्या हीलिंग ब्रशने एकेक करून काढायचे. १४० स्लाइडना वेळ लागेल, म्हणून प्रदर्शनाच्या वीसच आधी घ्या.

निळी झाक कोडाक्रोमची नेहमीची. सॉफ्टवेअरमध्ये कोडाक्रोमचं वेगळं प्रोफाइल असेल तर ते निवडा. नसेल तर ४८ बिटमध्ये टिफ स्कॅन करून नंतर राखाडी बिंदूवरून रंग जुळवा. जेपेगवर हे केलंत तर काळ्या भागात पट्टे दिसतील. रिझोल्यूशन ३२०० पुरे, ३५ मिमी फ्रेमला साधारण ४५०० × ३००० पिक्सेल मिळतात. फ्लॅटबेडवर त्यापुढे फाइल फुगते, तपशील वाढत नाही.

मॅक्रो_भिंग
फ्लॅटबेड सोडाच. कोडाक्रोमचे काळे भाग इतके घट्ट असतात की फ्लॅटबेडला तिथे फक्त गोंगाट दिसतो. २४ मेगापिक्सेल कॅमेरा, १:१ मॅक्रो लेन्स, एफ/८, आयएसओ १००, खाली सीआरआय (प्रकाशात रंग किती खरे दिसतात त्याचा आकडा) ९५ च्या वरचं लाइट पॅनल. स्लाइड पॅनलपासून चार-पाच सेंटीमीटर वर ठेवा, म्हणजे पॅनलवरची धूळ फोकसमध्ये येत नाही. कॅमेरा आणि स्लाइड समांतर आहेत का हे पाहायला स्लाइडच्या जागी छोटा आरसा ठेवा. लेन्सचं प्रतिबिंब बरोबर मध्यभागी दिसलं की समांतर. गडद स्लाइडचे दोन एक्स्पोजर घ्या आणि जोडा.

चंदेरी_कण
स्टँड, लेन्स, पॅनल हे सगळं रविवारपर्यंत? त्यांच्याकडे फ्लॅटबेड आहे आणि बिघाड धूळ काढायच्या पर्यायापुढच्या एका खुणेचा आहे. ती काढली की ए४ आकाराच्या प्रिंटला तेवढं पुरतं.

मॅक्रो_भिंग
ए४ ला पुरेल, मान्य. पण इंजिनाच्या तोंडावरची शेडची, म्हणजे इंजिनाच्या ठाण्याची, छोटी लंबगोल पाटी वाचायची असेल तर पुरणार नाही.

यार्ड_कल्याण
तारखेचं कोणीच बोलत नाहीये. 'शॅप, ऑगस्ट ६८' हे जुळत नाही. शॅपच्या चढावरचं वाफेचं राज्य १९६७ च्या अखेरीस संपलं. ऑगस्ट ६८ पर्यंत कार्नफर्थ, लॉस्टॉक हॉल आणि रोझ ग्रोव्ह ही तीनच शेड उरली होती, तिन्ही लँकशायरमध्ये. ११ ऑगस्ट १९६८ ची निरोपाची गाडी, १५ गिनी (जुनं ब्रिटिश चलन) तिकिटाची, कार्लाइलला गेली खरी, पण सेटल मार्गाने. शॅपवरून नाही. म्हणजे एकतर जागा चूक किंवा तारीख.

इंजिनाचा क्रमांक काय? मागे बँकर, म्हणजे चढावर मागून ढकलणारं इंजिन, आहे का? टेंडर (इंजिनामागचा कोळसा-पाण्याचा डबा) दिसतं का?

धुरकरी
ती ब्रिटनमधली शेवटची वाफेची गाडी, नाही का? त्यानंतर वाफेवर बंदीच आली.

यार्ड_कल्याण
ब्रिटिश रेल्वेच्या मुख्य मार्गांवरची, स्टँडर्ड गेजवरची शेवटची. वेल्समधली व्हेल ऑफ रीडॉल ही नॅरो गेज लाइन ब्रिटिश रेल्वेनेच १९८९ पर्यंत वाफेवर चालवली. कॅप्शन लिहिताना एवढी काटेकोर भाषा ठेवा.

धुरकरी
अवांतर: आपल्याकडे वाफ कितीतरी टिकली. ब्रिटनमध्ये सगळं संपल्यावर दोन वर्षांनी, १९७० मध्ये, चित्तरंजनहून शेवटचं ब्रॉडगेज इंजिन 'अंतिम सितारा' बाहेर पडलं. डब्ल्यूजी वर्गाचं. त्या वर्गाची पहिली इंजिनं ग्लासगोची.

खडीवाट
अंतिम सितारा वगैरे नंतर बोलू, प्लीज. शॅपच्या स्लाइडवर क्रमांक ७००_५ एवढाच वाचता येतो, चौथा आकडा वाफेत गेलाय. मोठं इंजिन, प्रवासी डबे. मागे दुसरं छोटं इंजिन ढकलतंय.

यार्ड_कल्याण
हे सगळं पहिल्यांदाच लिहायला हवं होतं. ब्रिटानिया वर्ग, ७०००० ते ७००५४. शेवटी ५ म्हणजे ७०००५, १५, २५, ३५ किंवा ४५. पाचही १९६७ संपेपर्यंत सेवेतून गेली होती. १९६८ मध्ये चालू राहिलेली एकमेव ब्रिटानिया ७००१३ ऑलिव्हर क्रॉमवेल. म्हणजे चौकटीवरची तारीख चूक, जागा बरोबर असू शकते.

धुराड्याच्या दोन्ही बाजूंच्या मोठ्या उभ्या पाट्यांवर आडवी दांडी आहे की पकडायला खाचा? १९५५ च्या मिल्टनच्या अपघातानंतर वेस्टर्न विभागाने दांड्या काढून खाचा केल्या, कारण दांडीमुळे ड्रायव्हरला सिग्नल नीट दिसत नव्हता. १५ आणि २५ वेस्टर्नची.

खडीवाट
पाट्या वाफेत आहेत. टेंडर स्पष्ट आहे. बाजू सरळ वरपर्यंत गेल्यात, वरच्या कडा आत वळलेल्या, कोळशाचा कप्पा वेगळा, अरुंद असा दिसत नाही. मागच्या इंजिनालाही टेंडर आहे.

यार्ड_कल्याण
मग ७००४५ लॉर्ड रोवॅलन. बाकी चारांच्या टेंडरला वरचा कोळशाचा कप्पा आत घेतलेला असतो, बाजूला पायरीसारखी कड दिसते. पूर्ण रुंदीचं वळणदार टेंडर ७००४५ ते ७००५४ ला, ९ टन कोळसा आणि वाफेवर चालणारा कोळसा पुढे ढकलणारा दट्ट्या. तेव्हा नावाच्या पाट्या बहुतेक इंजिनांवरून काढलेल्या होत्या, त्यामुळे नाव दिसलं नाही तर गोंधळू नका.

मागच्याला टेंडर असणं हा आणखी चांगला पुरावा. टेबे शेडचे बँकर आधी टाकीवाले (टेंडर नसलेले, पाणी अंगावरच्याच टाकीत नेणारे) २-६-४ होते (हे आकडे चाकांच्या मांडणीचे), १९६७ मध्ये ७५००० मालिकेतली टेंडरवाली ४-६-० आली. चढ १ : ७५. आपल्या कर्जत–लोणावळ्याच्या १ : ३७ पुढे सौम्य, पण लांब आणि एकसारखा, म्हणून टेबेपासून मागून धक्का लागायचा. कॅप्शनमध्ये '७००४५, शॅप, १९६७' लिहा. महिना लिहू नका.

मॅक्रो_भिंग
स्लाइड उलटी तर स्कॅन झाली नाही ना? ब्रिटनमध्येही गाडी डाव्या रुळावरून धावते. क्रमांक सरळ वाचता येतोय म्हणजे ही ठीक आहे, पण बाकीच्या १३९ तपासा.

निळावंती
मूळ डबा यॉर्कच्या राष्ट्रीय रेल्वे संग्रहालयाला देता येतो का तेही विचारून ठेवा. आणि हक्कांचं पाहा. स्लाइड हातात असणं म्हणजे कॉपीराइट मिळणं नाही. ब्रिटिश कायद्यात छायाचित्रकाराच्या मृत्यूनंतर ७० वर्षं हक्क टिकतो. फोटो कोणी काढले?

खडीवाट
ज्यांनी काढले त्यांच्या मुलीनेच डबा दिलाय, लेखी परवानगी आहे.

आइस बंद करून निगेटिव्ह पुन्हा स्कॅन केल्या. आरे आले, दांडे आले, पिस्टनजवळचा तेलाचा ओघळसुद्धा दिसतोय. एका फ्रेममध्ये इंजिनाच्या तोंडावर आधी नुसता पांढरा डाग होता, तिथे आता '१टी५७' वाचता येतं. क्रमांक ४५११०. खूप गर्दी आहे. एफपी३ वरून तारीख ठरेल का?

चंदेरी_कण
एफपी३ वरून नाही. कडेला एफपी४ असतं तर १९६८ च्या आधीची नाही एवढं म्हणता आलं असतं. एफपी३ तेव्हाही कॅमेऱ्यांत होतीच.

यार्ड_कल्याण
फिल्म राहू द्या, १टी५७ हाच त्या १५ गिनी गाडीचा क्रमांक! ४५११० म्हणजे ब्लॅक फाइव्ह वर्गाचं इंजिन, त्या दिवशी त्याने दोनदा गाडी ओढली: सकाळी लिव्हरपूल ते मँचेस्टर आणि संध्याकाळी परत लिव्हरपूलपर्यंत. मधे ७००१३ कार्लाइलपर्यंत, येताना ४४७८१ आणि ४४८७१ अशी जोडी. म्हणजे तुमची ऑगस्ट ६८ ची फ्रेम ही आहे, शॅपची नाही. मुख्य जागी हीच लावा.

सकाळ की संध्याकाळ ते ठरवायचंय. फलाटावरची सावली कुठे पडलीय, आणि मागे स्टेशनच्या नावाची पाटी दिसतेय का? ती फ्रेम ४८ बिट टिफमध्ये टाका, इथे पाहतो.

खडीवाट
फाइल १०० एमबीच्या वर जातेय, अपलोड होत नाही.

चंदेरी_कण
कृष्णधवल आहे, १६ बिट ग्रेस्केलमध्ये स्कॅन करा. एक तृतीयांश होईल.