मातीचा सामू (pH) ८.३ आला म्हणून जिप्सम ओतू नका

वाफसा_हवेली

दौंड-इंदापूर पट्ट्यातल्या ग्रुपांवर एक पोस्ट फिरतेय: "सामू ८ च्या वर गेला की एकरी दोन पोती जिप्सम टाका, दोन महिन्यांत सामू ७ वर येतो." लोक खाली हात जोडून धन्यवाद देतायत, म्हणून सविस्तर लिहितो.

आपल्या काळ्या जमिनीत मुक्त चुना (कॅल्शियम कार्बोनेट) ५ ते १० टक्के सहज सापडतो. चुना, पाणी आणि हवेतला कार्बन डायऑक्साइड यांचा तोल सामू ८.२-८.४ च्या आसपासच बसतो. म्हणजे रिपोर्टातला ८.३ फक्त "चुना आहे" एवढंच सांगतो. जिप्सम म्हणजे कॅल्शियम सल्फेट, ते आम्ल नाही, त्याने चुना हटत नाही. चुना संपवायला गंधक लागेल, आणि त्याचा हिशेब असा: एकरात वरच्या १५ सेंमीत साधारण ९ लाख किलो माती. १ टक्का चुना म्हणजे ९ टन. १०० किलो चुन्याला ३२ किलो गंधक, म्हणजे एका टक्क्याला २,८८० किलो. ८ टक्के चुना असेल तर २३ टन. हे कुणी करत नाही, करूही नये.

जिप्समचं खरं काम चोपण, म्हणजे सोडियम जास्त झालेल्या जमिनीत. मातीच्या कणाला चिकटलेला सोडियम सुटतो, तिथे कॅल्शियम बसतो आणि सुटलेला सोडियम पाण्याबरोबर खाली जातो. खाली जायला वाट असेल तर.

नीराकाठ

कागदावर सगळं बरोबर. पण जिप्सम टाकलेल्या प्लॉटचे रिपोर्ट ८.४ वरून ८.१ आलेले आहेत, ते खोटे का? कांदा फुगतो, भुईमूग भरतो, हे काय आपोआप? शेतकऱ्याला टनांचे आकडे दाखवून घाबरवायचं आणि परवडणारी दोन पोतीही टाकू द्यायची नाहीत, ही कुठली शेती?

वाफसा_हवेली

रिपोर्ट खोटे नाहीत, अर्थ चुकीचा लावलाय. जिप्सम विरघळलं की पाण्यात कॅल्शियम वाढतो. कॅल्शियम वाढला की चुना कमी विरघळतो आणि सामू ०.२-०.३ ने खाली दिसतो. जिप्सम धुऊन गेलं की आकडा परत वर. त्यात जमीन सुधारली असं काही नाही. शिवाय मुळांच्या श्वसनाने जमिनीत कार्बन डायऑक्साइड हवेपेक्षा कितीतरी जास्त असतो, त्यामुळे मुळांपाशी सामू प्रयोगशाळेतल्यापेक्षा खालीच असतो.

कांदा-भुईमुगाचं मान्य. दोन पोत्यांत १३-१४ किलो गंधक जातं, कांद्याला ते लागतंच. भुईमुगाला आऱ्या (जमिनीत शिरणारे शेंगेचे देठ) सुटताना शेंगेच्या थरात कॅल्शियम मिळतो. पण मग तसं लिहा: खत म्हणून टाका. सामूचं औषध म्हणून विकू नका.

नीराकाठ

विकतंय कोण? तोंड सांभाळून बोला. खत म्हणून उपयोग आहे हे शेवटी तुम्हीच लिहिलंत, मग एवढा आटापिटा कशाला?

मुरूम_आणि_माती

तुमचं भांडण चालू द्या, पण "चोपण" ठरवणार कसं? इथे निम्मे लोक ईसी (क्षार किती ते दाखवणारी विद्युतवाहकता) वाचतानाच चुकतात. पुस्तकात "ईसी ४ च्या वर म्हणजे खारवट" असतं. तो ४ संपृक्त लगद्याच्या, म्हणजे पाण्याने पुरत्या भिजवलेल्या मातीच्या अर्काचा. आपल्याकडे बहुतेक प्रयोगशाळा १ भाग मातीला २.५ भाग पाणी घालून मोजतात. भारी काळ्या मातीचा लगदा १०० ग्रॅम मातीला ७०-८० मिली पाण्यात होतो, इथे आपण २५० मिली घालतो. क्षार तिपटीहून जास्त पातळ झाले. म्हणजे १:२.५ ला १.३ आलं तर ते लगद्याच्या ४ च्या जवळ. आणि शेतकरी १.३ बघून निर्धास्त!

इंदापूर_आडसाली

तिपटीचं गणित सरसकट लावू नका. मातीत आधीच जिप्सम असेल तर जास्त पाण्यात ते जास्त विरघळतं आणि १:२.५ चा आकडा फुगतो. ज्याने मागच्या महिन्यात जिप्सम टाकलंय त्याला हे गुणाकार फसवतील.

मुरूम_आणि_माती

मग गुणाकार न करता काय करायचं? सरळ लगद्याचा अर्क मागा. पैसे जास्त लागतात, लागू देत. आणि नमुना बांधाच्या कडेचा, खताच्या ढिगाजवळचा, ठिबकच्या ड्रिपरखालचा घेऊ नका. ड्रिपरखाली क्षार धुतलेले असतात, ओल संपते त्या कडेला साठलेले असतात. एकाच सरीत दोन जागी दोन वेगळ्या जमिनी निघतात. ०-१५ आणि १५-३० सेंमी वेगळे घ्या. हे न करता अंकांवर वाद घालणारे माझ्या दृष्टीने वेळ घालवतायत, दोन्ही बाजूंचे.

इंदापूर_आडसाली

वेळ कोण घालवतंय ते दिसतंय. मूळ रोग निचऱ्याचा आहे आणि त्यावर इथे एक ओळ नाही. नीरा डावा कालवा १८८५ च्या सुमारास सुरू झाला, आणि १९१० च्या आसपास हॅरॉल्ड मान पुण्याच्या शेती कॉलेजात असताना नीरा खोऱ्यातल्या खारवट जमिनींचा अभ्यासही झाला होता. पाणी आणलं, बाहेर काढायची वाट केली नाही. आजही तेच. पाटपाणी, वर बोअर, आणि वर जिप्सम. पाणीपातळी दीड मीटरच्या आत आली की क्षार केशाकर्षणाने वर येतच राहणार.

सच्छिद्र पाइप मीटर-सव्वा मीटर खोल, शंभर मीटरला २०-३० सेंमी उतार, भोवती गाळणी कापड. पण पाइपचं तोंड नाल्याच्या पाण्याच्या वर उघडलं पाहिजे, आणि नाला खालच्या शेतकऱ्याच्या बांधाने बुजलेला. तिथे सगळं अडतं. एकट्या शेताने निचरा होत नाही.

नीराकाठ

हे मात्र बरोबर. नाले मोकळे करायला कुणी पुढे येत नाही. पण तोवर जिप्सम टाकायचं की नाही, सरळ सांगा.

वाफसा_हवेली

आधी तपासा. कोरडं ढेकूळ बोराएवढं घ्या, पावसाच्या किंवा डिस्टिल्ड पाण्याच्या काचेच्या ग्लासात सोडा, हलवू नका. दोन तास, मग रात्रभर. फुटून तळाशी बसलं आणि पाणी स्वच्छ राहिलं तर सोडियमचा त्रास नाही. ढेकळाभोवती दुधासारखा गढूळ थर पसरला तर चोपण. बोअरचं पाणी वापरू नका, त्यातल्या क्षारांनी गढूळपणा दबतो. खारवट-चोपण मातीतही तिच्याच क्षारांनी गढूळपणा दबतो, म्हणून ईसी सोबत बघा.

चोपण निघाली तर मात्रा विनिमययोग्य, म्हणजे मातीच्या कणांना चिकटलेल्या सोडियमवरून. धनभार-विनिमय क्षमता (कॅल्शियम, सोडियम असे धनभारित कण माती किती धरते ते) ५० आणि सोडियम २० वरून १० टक्क्यांवर आणायचा, तर १५ सेंमीला एकरी ३,९०० किलो शुद्ध जिप्सम. शेतीचं जिप्सम ७०-८० टक्के शुद्ध असतं, म्हणजे ५ टनांच्या घरात. लिटरला सुमारे २.५ ग्रॅम विरघळतं, म्हणून नुसतं विरघळवायला ३८ सेंमी पाण्याचा हिशेब येतो. सोडियम धरलेली माती कॅल्शियम ओढून घेते म्हणून प्रत्यक्षात कमी पाणी पुरतं, पण एका पावसात सगळं जाईल ही अपेक्षा नको. वरच्या १० सेंमीतच मिसळा. खोल नांगरलं तर मात्रा दुप्पट मातीत वाटली जाते. धैंचा हे हिरवळीचं पीक गाडा, त्याच्या कुजण्यातून निघणारा कार्बन डायऑक्साइड जमिनीतलाच चुना विरघळवून कॅल्शियम देतो.

नीराकाठ

५ टन! म्हणजे दोन पोतींनी चोपण जमीन सुधारत नाही एवढं मान्य. पण ढेकळाच्या चाचणीवर ५ टनांचा खर्च कुणी करणार नाही.

मुरूम_आणि_माती

चाचणी नुसती गाळणी आहे. गढूळ निघाली तर विनिमययोग्य सोडियम मोजून घ्या, आणि बोअरचं पाणीही. शिल्लक सोडियम कार्बोनेट (पाण्यातल्या कॅल्शियम-मॅग्नेशियमला पुरून उरलेलं कार्बोनेट-बायकार्बोनेट) लिटरला २.५ मिलीइक्विव्हॅलंटच्या वर असेल तर वर जिप्सम आणि खाली तेच पाणी, असं चालत राहील. दर १ मिलीइक्विव्हॅलंटला हजार लिटरमागे ८६ ग्रॅम शुद्ध जिप्सम, तेही पाण्यातच मिसळून.