शिष्यत्वाची वही भरत आली, पण देव काही जवळ वाटेना

टर्नर_उद्यमबाग:
सगळ्यांना ख्रिस्तात सलाम.

मी बेळगावच्या उद्यमबागेत, कारखान्यांच्या भागात, लेथवर काम करतो. आमच्या मंडळीत शिष्यत्वाचा बारा आठवड्यांचा वर्ग चाललाय, आता दहावा आठवडा. प्रत्येकाला एक वही दिलीय. रोजचे चार रकाने : वाचन, प्रार्थना, पाठांतर, साक्ष (म्हणजे कुणाला तरी प्रभूबद्दल सांगणं). झालं की खूण करायची आणि रविवारी वर्ग घेणाऱ्या अण्णांना दाखवायची.

खोटं कशाला सांगू, वर्गात माझी वही सगळ्यात भरलेली आहे. मार्काचे सोळा अध्याय दोनदा झाले, योहान संपत आलाय. पण गेल्या मंगळवारी शिफ्टला जाताना बस स्टॉपवर वही काढली आणि प्रार्थनेच्या रकान्यात खूण करून टाकली. प्रार्थना बसमध्ये करणार होतो. बसमध्ये गावाकडचा एकजण भेटला, ऊस आणि बिलं यावर बोलत गेलो, राहून गेलं. खूण मात्र तशीच आहे.

त्यात भाषेचा घोळ. आमची भक्ती कन्नडमध्ये होते, बायकोही कन्नड घरातली. वचनं मी कन्नडमध्येच पाठ करायलोय. घडाघडा म्हणतो, पण आत कुठं लागत नाहीत. सभेत 'कर्तने' (कन्नडमध्ये 'हे प्रभू') म्हणतो, आणि मशीनवर बोट जाता जाता वाचलं की तोंडातून 'देवा' येतं.

वर्ग सोडायचा नाही. पण जवळ जाणं म्हणजे नेमकं काय होतं, ते कुणाला झालं असेल तर सांगा.

पहाटेचा_पहारा:
भाऊ, उपवास धरा आणि पहाटे चारला उठा. मार्क १:३५ वाचा. प्रभू स्वतः अंधार असतानाच उठून एकांतात जात होता. झोप जिंकली की सगळं जिंकलं.

टर्नर_उद्यमबाग:
दादा, सेकंड शिफ्ट सुटते रात्री बाराला. घरी येऊन जेवेपर्यंत एक. चारला उठून बघितलंय की, दोन आठवडे. दुसऱ्या आठवड्यात झोपेच्या गुंगीत लेथच्या फिरत्या चकवर टूल घातलं.

निपाणीच्या_बाई:
बाळा, मी निवृत्त शिक्षिका. वही तपासण्यात माझं आयुष्य गेलं, म्हणून सांगते : वही मुलगा किती शिकला ते दाखवत नाही, किती लिहिलं ते दाखवते. तुझ्या अण्णांचा हेतू चांगलाच असणार, वही नसती तर तू मार्क दोनदा वाचलाही नसतास. पण ती मंगळवारची खूण आहे ना, ती येत्या रविवारी अण्णांना दाखव. बोट ठेवून दाखव. बाकीच्या सगळ्या खुणांपेक्षा वर्गाला तिचाच जास्त उपयोग होईल.

माझी आई विड्या वळायची. आमच्याकडं तंबाखूच्या गावात ते घरोघरी होतं. तिला वाचता येत नव्हतं. मी शाळेतून आले की सुपाजवळ बसून एक परिच्छेद वाचायचा, आणि ती तेच वाक्य हात थांबवता दिवसभर घोळवायची. नाही, चुकले, हात न थांबवता. एकदा शेजारणीशी पाण्यावरून कडाक्याचं भांडण झालं होतं. त्या आठवड्यात मत्तयाचा पाचवा अध्याय चालला होता : अर्पण वेदीपुढं ठेव, आधी जाऊन भावाशी समेट कर. आई म्हणाली, "पुढचं वाचू नको. हेच अजून झालं नाही." नऊ दिवस आम्ही पुढं गेलो नाही! मला कंटाळा आला होता, तिला नाही. दहाव्या दिवशी ती घागर घेऊन शेजारणीच्या दारात गेली. तिथं काय बोलली ते मला कधी सांगितलं नाही.

भाषेचं म्हणशील तर वचन मराठीत पाठ कर, त्यात मंडळीचा अपमान नाही. बाबा पदमनजी आपल्या बेळगावचेच, जन्म १८३१ चा. मनाला पटल्यावरही बाप्तिस्म्यापर्यंत यायला त्यांना वेळ लागला, तो झाला १८५४ मध्ये. आणि ना. वा. टिळकांनी तर ख्रिस्ताला अभंगात आळवलं. ज्या भाषेत आईला हाक मारतोस तीच घे. बायकोबरोबर मात्र कन्नडमध्ये प्रार्थना कर, तिचंही घर आहे ते.

मांडवाखाली:
मी अथणी भागातला, द्राक्षबाग आहे. योहान संपत आलाय म्हणालात, म्हणजे पंधरावा अध्याय झाला असणार, 'मी वेल, तुम्ही फांद्या' तो. प्रवचनात वेल ऐकला की मला हसू येतं, कारण सांगणाऱ्यानं बहुतेक वेळा छाटणी बघितलेली नसते.

आमच्याकडं वर्षात दोन छाटण्या. एप्रिलात खरड छाटणी : सगळी काडी काढतो, उन्हाळ्यात बाग नुसती खोडं आणि ओलांड्यांची (खोडाच्या आडव्या जाड फांद्यांची) उघडी दिसते. नवखा माणूस म्हणेल, मेली. फळछाटणी ऑक्टोबरच्या सुमारास, आणि घड दिसतात त्यानंतर. पण तो घड ऑक्टोबरात तयार झालेला नसतो. खरड छाटणीनंतर नवीन काडी येते, तिच्या डोळ्यात, म्हणजे कोंब फुटतो त्या जागी, साधारण दीड-दोन महिन्यांत सूक्ष्म घड धरतो. बाहेरून काही म्हणजे काही दिसत नाही. तेव्हा तुमचा दहावा आठवडा कोरडा आहे म्हणून घाबरू नका.

पण थांबा, निम्मंच सांगितलं. त्याच दिवसांत मांडवात पानांची गर्दी झाली आणि डोळ्यावर ऊन पडलं नाही, तर घड धरतच नाही. तेव्हा बाग हिरवीगार दिसते, येणारा-जाणारा कौतुक करतो, आणि ऑक्टोबरनंतर नुसता पाला. मी एक वर्ष हे भोगलंय, कर्जासकट. म्हणून आम्ही फुटी विरळतो. चांगल्या, जोमदार फुटीसुद्धा काढाव्या लागतात, जीव तुटतो.

तुमची वही मला त्या हिरव्या मांडवासारखी वाटली. चारातला एक रकाना ठेवा, तीन आठवडे तरी. कुठला, ते तुम्हाला माहीत असणार. आणि योहान १५ मध्ये चौथ्या वचनापासून दहाव्यापर्यंत 'राहा', 'राहतो', 'राहाल' किती वेळा येतं ते बोटावर मोजा. 'वाढा' असा हुकूम फांदीला कुठं दिलाय ते सापडलं तर मला कळवा.

टर्नर_उद्यमबाग:
बाई, रविवारी अण्णांना खूण दाखवली. ते बराच वेळ गप्प बसले, मग त्यांनी स्वतःची वही काढली. पुढचं त्यांचं आहे, इथं लिहीत नाही.

मांडवाखाली दादा, रकाना कुठला ते माहीत होतं. साक्षीचा. त्यात मी 'बसमध्ये एकाशी बोललो' असलं काहीतरी लिहायचो. खरी गोष्ट वेगळी. दीड महिन्यापूर्वी एका लॉटमधले अकरा बुश (मशीनचे पोकळ, नळीसारखे भाग) माझ्या हातून गेले. बोर, म्हणजे आतलं भोक, लिमिटच्या बाहेर. ओडी, म्हणजे बाहेरचा व्यास, जास्त राहिली तर अजून एक कट घेता येतो, बोर एकदा मोठा झाला की काही करता येत नाही. मी ते चांगल्या मालात सरकवले. पार्टीकडून तक्रार आली तेव्हा पहिल्या शिफ्टच्या नवीन पोराला बोलणी बसली, आणि मी शेजारच्या मशीनवर उभा राहून ऐकलं.

बाईंच्या आईसारखं मी नऊ दिवस लावले नाहीत, पण चार लागले. काल सुपरवायझरला सांगितलं. पगारातून कापणार की काय, ते अजून कळलं नाही. पोराला चहाच्या गाड्यावर गाठून सांगितलं तर तो म्हणाला, "मला माहीत होतं की." मग चहाचे पैसे त्यानंच दिले.

रात्री सायकलवर रेल्वे गेटपाशी थांबावं लागलं, गाडी जायची होती. तिथं मराठीत प्रार्थना झाली, गेट उघडेपर्यंत. वहीत लिहायचं राहिलं.

'राहा' मोजलं, माझ्या हिशोबानं दहा. घरी मोजताना बायकोनं कन्नडमधून मोजलं, तिचे कमी भरायलेत. आज परत बसणार आहोत दोघं.