रुग्णालयातील डास-झुरळ नियंत्रणाचे मूल्यमापन कशावरून करावे?

प्रश्न: आमच्या रुग्णालयात दरमहा धूरफवारणी होते आणि ठेकेदार वहीवर सही घेऊन जातो, परंतु काम खरोखर साधले की नाही, हे कशावरून ठरवावे?

उत्तर १: सहीवरून नव्हे, अळ्यांवरून. एडिस डासाची (डेंग्यू पसरवणारा डास) अंड्यापासून पूर्ण वाढ साधारण ७ ते १० दिवसांत होते, म्हणून दर आठवड्याला कूलर, फ्रिजमागचा ट्रे व गच्चीवरील टाक्या तपासून, पाणी असलेल्या दर १०० भांड्यांमागे किती भांड्यांत अळ्या सापडल्या, याची नोंद ठेवावी. धुराने केवळ उडते डास मरतात.

उत्तर २: झुरळांसाठी स्वयंपाकघरात चिकट सापळे लावून फवारणीपूर्वीची व नंतरची संख्या त्याच जागी मोजावी. आमच्याकडे तर ट्रॉलीच्या पोकळ पायातच त्यांचे बिऱ्हाड निघाले!

प्रश्नकर्ता: आभारी आहे. फ्रिजमागचा ट्रे आजच पाहिला, अळ्या होत्या.