शब्दचर्चा: शेतीच्या ‘मल्टिफंक्शनॅलिटी’ला मराठीत काय म्हणावं?

येळ्ळूरकर: शेतकरी मेळाव्यासाठी जागतिक व्यापार संघटनेच्या शेती करारावर टिपण लिहितोय. ‘मल्टिफंक्शनॅलिटी’पाशी गाडं अडलंय. एका पत्रकात ‘बहुउद्देशीय शेती’ वाचलं, दुसऱ्यात ‘बहुविध कार्यक्षमता’. आमच्याकडे बहुउद्देशीय म्हटलं की सोसायटीच डोळ्यांपुढे येते. काय वापरू?

खानापूरची लेक: दादा, ‘कार्यक्षमता’ मुळीच नको, ती एफिशियन्सी झाली. आणि ‘बहुउद्देशीय’ म्हणजे शेतकऱ्याने सगळं ठरवून केलं असा अर्थ होतो. तुमच्याच शिवारात बघा. चिखल करून रोप लावणारा बासमतीसाठी राबतो. पण बांधामुळे पावसाचं पाणी वाफ्यात तुंबतं, थोडं खाली मुरतं, नाल्याकडची धाव तेवढी मंदावते. (बेळगावजवळचा बळ्ळारी नाला फुगला की तेच शिवार बुडतं, ते दुखणं वेगळं!) भात निघाल्यावर उरल्या ओलीवर मसूर येतो, पिंजर गोठ्यात जातं. मसुराला भाव आहे, पिंजरालाही गिऱ्हाईक आहे. पाणी धरून ठेवल्याबद्दल छदाम कुणी देत नाही. पिकाबरोबर आपसूक होणारी, पण बाजारात न विकली जाणारी ही कामं त्या शब्दात येतात. म्हणून मी ‘शेतीची बहुकार्यता’ लिहीन. ‘जोडधंदा’ही चालणार नाही, म्हैस विकून तो बंद करता येतो.

भातखाचरं पूर अडवतात, हा युक्तिवाद जपानने फार जोरात मांडला. 1999 च्या तिथल्या शेतीविषयक मूलभूत कायद्यात ही बहुविध कामं नोंदलेली आहेत. स्वित्झर्लंडने तर 1996 च्या जनमतानंतर ती राज्यघटनेतच घातली.

निपाणीकर: शब्द छान आहे, पण तो कोण वापरतंय ते बघा की! जपान, दक्षिण कोरिया, नॉर्वे, स्वित्झर्लंड, युरोपीय संघ. घरच्या शेतीला आधार देत राहायचा तर कारण हवं, ते इथे मिळालं. निर्यातदारांच्या केर्न्स गटाला, म्हणजे ऑस्ट्रेलिया वगैरे मंडळींना, यात आडून संरक्षणाचा वास आला. भारताने वाटाघाटींत भर दिला तो अन्नसुरक्षा आणि उपजीविकेवर. टिपणात या दोन भूमिकांची सरमिसळ नको.

आणखी एक. 1995 पासून लागू झालेल्या करारात बहुकार्यता हा शब्दच नाही. कलम 20 मध्ये आहेत ‘नॉन-ट्रेड कन्सर्न्स’.

येळ्ळूरकर: त्याचं ‘व्यापारेतर चिंता’ केलंय मी.

खानापूरची लेक: चिंता करायला आपण आहोत की! ‘व्यापारेतर बाबी’ करा. कराराने मोकळीक दिलेल्या सरकारी मदतीचा गट, म्हणजे ‘ग्रीन बॉक्स’, मात्र तसाच राहू दे. ‘हिरवी पेटी’ म्हटलं तर मेळाव्यात लोक पेटी शोधत बसतील. व्यापारावर परिणाम न करणारी किंवा अगदी नाममात्र करणारी मदत, असं एकदा सांगितलं की झालं. त्यात पर्यावरण कार्यक्रमांखालची मदतही अटींसह बसते.

येळ्ळूरकर: रस्त्यासाठी जमीन जाते तेव्हा हा शब्द चालेल का? आमच्याकडे सध्या तोच विषय जास्त आहे.

निपाणीकर: निवेदनात घाला, पण एकटा नको. मोबदल्याचा हिशोब बाजारभावावर चालतो. किती एकरांत पाणी थांबतं आणि भराव पडल्यावर ते कुणाच्या दारात जाईल, हे नकाशासकट लिहा. साहेब नुसती ‘बहुकार्यता’ वाचून पान उलटतील.